जोडीतला दुसरा शिरडक

१

सकाळी सासूला चहा दिला, गाय सोडली, की कानिशाय बैठकीच्या खोलीत यायची. खिडकी उघडायची, रजयांच्या घड्या पेटाऱ्यावर रचायची आणि शेवटी खाली बसून भुईवरच्या शिरडकावरून, त्या लोकरीच्या नक्षीदार जाजमावरून, हात फिरवायची. तिथं झाडण्यासारखं काही नसायचं. आपण केलेल्या वस्तूवरून हात उगीच फिरतो, तसा तो फिरायचा.

नारीन नदीच्या त्या डोंगराळ खोऱ्यात सगळ्याच बायकांना शिरडक करता येई. लोकर छड्यांनी झोडपायची, गवताच्या चटईवर पसरायची, उकळतं पाणी ओतायचं आणि चटईसकट गुंडाळून अंगणभर लाथाडत फिरवायची, की आत जाड बुरणूस तयार होतो. कानिशाय हे काम जूराकान एजेच्या शेडमध्ये करायची. तिथले शिरडक, आसनं, घरात घालायच्या सपाता कुठल्या कुठल्या देशांत जात. मेंढीची लोकर, मंजिष्ठेचा रंग आणि बायकांचे हात, याखेरीज त्यात काही नसे.

शिरडकाचं एक असतं. तो कधी एकटा होत नाही. दोन रंगांचे बुरणूस एकावर एक ठेवून मेंढ्याच्या शिंगांची नक्षी एकाच सुरीनं कापायची. वरच्यातून सुटलेली शिंगं खालच्यात बसवायची, खालची वरच्यात. चिंधीसुद्धा वाया जात नाही आणि एका कापातून दोन शिरडक निघतात, एकमेकांचे उलटे.

घरातला तपकिरी, त्यावर लाल शिंगं. त्याच्या जोडीचा, लालवर तपकिरी शिंगांचा, बेगायिमबरोबर गेला होता.

बेगायिम म्हणजे कानिशायची एकुलती मुलगी. बाप गेल्यावर घरात कमावणारं कुणी नव्हतं, म्हणून वसंतात ती रशियाला निघाली, एका हॉटेलच्या धोबीखान्यात. निघताना शिरडकाच्या त्या गुंडाळीवरून मायलेकींचं चांगलंच वाजलं होतं.

"आपा," ती आईला म्हणाली, "एका खोलीत दहा जणी कोंबतात म्हणे. हा कुठे अंथरू, डोक्यावर?"

"डोक्यावर अंथर, पण ने. परक्या भुईवर माझी पोर उघडी झोपणार नाही."

"लोक हसतील गं!"

"हसू देत. कुडकुडण्यापेक्षा बरं."

नेला तिनं. नाक मुरडून, पण नेला. बसच्या टपावर ती लाल गुंडाळी वळणाआड जाईपर्यंत दिसत होती.

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी कानिशायनं नेहमीसारखा घरातल्या शिरडकावरून हात फिरवला, तर हात ओला झाला.

२

"एने, चहा सांडलात का हो?"

दिल्दे एने, तिची सासू, खिडकीशी बसून बोर्सोकचा तळलेला तुकडा चहात बुडवत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण जीभ शाबूत.

"सांडला असता तर मी चाटला असता. साखर घालतेस कुठे तू, वाया जायला?"

कानिशाय हसली. ओल तळहाताएवढी होती. तिनं हुंगून पाहिली. चहा नव्हता. पावसाचं पाणी गंजलेल्या लोखंडावरून ओघळलं की वास येतो, तसा काहीसा वास होता, आणि त्यात दगडी कोळशाची राख. तिनं छताकडे पाहिलं. छत कोरडं. पाऊस कित्येक दिवसांत नव्हता.

भुईतून ओल वर येत असेल, असं म्हणून तिनं शिरडक उचलला. खालची माती भाकरीसारखी कोरडी होती. शिरडकाची मागची बाजूही कोरडी. ओल फक्त वर होती, कुणी वरून ओले कपडे टेकवावेत तशी.

दुसऱ्या दिवशी ती मोठी झाली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी लांबट.

शेडमध्ये लोकर पिंजताना तिनं जूराकान एजेला सांगितलं. जूराकान म्हणजे शेडची कर्तीधर्ती, सगळ्या बायकांची एजे, थोरली ताई, दणकट बाई, घोड्यालाही शिव्या देऊन पळवणारी.

"मांजर असेल," जूराकान म्हणाली.

"आमच्याकडे मांजर नाही."

"मग शेजारणीचं असेल. मांजराला काय, घर कुणाचं ते कळतं? आणि बाई गं, तुझी लोकर पिंजून झाली की बोल. तुझ्या भुईपायी माझी खेप अडलीये."

बायका हसल्या. कानिशायही हसली. घरी जाताना मात्र तिची पावलं भराभर पडत होती.

३

त्या संध्याकाळी तिनं पाहिलं ते ओलीपेक्षा वाईट होतं.

खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं. एरवी न दिसणारे उंचसखल भाग तशा उन्हात दिसतात. शिरडकाच्या मधोमध बुरणूस दबला होता. एक खोल खळगा, त्याच्या वर एक पसरट, खाली दोन लहान, जवळजवळ. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की आपण एक कूस बघतोय. कूस, खांदा आणि पोटाशी घेतलेले गुडघे. कुशीवर मुटकुळं करून झोपलेलं माणूस उठून गेल्यावर गादीवर राहतं, ते.

एने त्या खोलीत झोपत नसे. कानिशायही नाही.

तिनं हात लावला. बुरणूस गरम होता.

लहानपणी बेगायिम अशीच झोपायची. गुडघे पोटाशी, हनुवटी आत. नको तो विचार आला आणि आला तो बसूनच राहिला. एकाच सुरीनं कापलेले दोन. तिथं जे होतं, ते इथं उमटतंय?

तिनं फोन लावला. पडद्यावर बेगायिमचा चेहरा आला, मागे चादरींचे ढीग.

"बरी आहेस ना गं?"

"मस्त आहे आपा. का?"

"कुठे झोपतेस? थंडी वाजते का?"

"उन्हाळ्यात कसली थंडी! खोली छान आहे."

"आणि शिरडक? घालतेस ना खाली?"

क्षणभर फोन अडखळल्यासारखा झाला. "हो आपा. त्याच्यावरच तर झोपते. सगळ्या जणी जळतात माझ्यावर."

"ओला झालाय का तो?"

"ओला कशाला होईल? आपा, मुकादम आली, ठेवते."

कानिशाय फोनकडे बघत बसली. पोर खोटं बोलतेय हे तिला कळलं. कशाबद्दल, ते मात्र तिनं भलतंच ओळखलं. पोरीचे हाल चाललेत, कुठल्या तरी गळक्या तळघरात ती ओल्या कपड्यांत पडून राहते आणि आईला काळजी नको म्हणून हसते, असं तिनं धरलं.

४

तरी तिनं स्वतःला एक संधी दिली. शिरडक उचलून अंगणातल्या भिंतीवर, भर उन्हात, टांगला. टांगलेल्या शिरडकावर काही कुणी झोपू शकत नाही.

दुपारभर ती समोर बसून चाती फिरवत राहिली. ऊन रणरणत होतं. ओल वाळली, दबलेली लोकर फुलून आली. तिनं सुस्कारा टाकला. सूत तुटलं म्हणून मान खाली घातली, गाठ मारली, वर पाहिलं.

खळगा परत आला होता. आता कूस बदलली होती. पाठ तिच्याकडे.

तिथून पुढे कानिशायनं शंका घेणं सोडलं. शिरडक आत आणून मानाच्या जागी, दाराच्या समोरच्या भिंतीशी, अंथरला. रोज कामावरून आली की ती त्याच्यापाशी बसायची. खांद्याच्या जागी हात ठेवायची. ओल्या जागी कोरडं फडकं दाबायची. आपली मेंढीच्या कातड्याची बंडी तिनं त्याच्यावर पांघरली. सकाळी बंडी आत ओढून घेतलेली असायची, एक बाही खाली दुमडलेली. ते पाहून तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

"कुणाशी बोलतेस गं?" एने पलीकडून विचारायची.

"बेगायिमशी, एने."

"फोनवर?"

"हो."

"मग ती काही बोलत का नाही?"

कानिशाय शिरडकाकडे वळायची. खांद्यावर हात ठेवून हळू म्हणायची, "घरी ये. पैसे-बैसे गेले खड्ड्यात. कुणी रागावणार नाही. तुझी जागा इथं आहे, मानाची. ये माझ्या बाई, चालत ये, पण ये."

पोरीचं नाव तिनं त्यात कधी घेतलं नाही. गरजच वाटली नाही.

उन्हाळा उतरला. एका सकाळी खळगा मोडला होता. त्याच्या जागी दोन टाचा उमटल्या होत्या, खोल, शेजारी शेजारी. उभं राहिलेल्या माणसाच्या. दुसऱ्या दिवशी त्या काठाशी होत्या. तिसऱ्या दिवशी शिरडक कोरडा, गार आणि सपाट पडला होता.

ती दिवसभर परत परत जाऊन हात लावून बघत होती. काही नव्हतं. निघाली, ती स्वतःशी म्हणाली. निघाली माझी पोर.

५

आणि बेगायिम खरोखर आली. हॉटेलचं काम थंडावलं होतं, महिनाभराची सुट्टी मिळाली होती. आईला चकित करावं म्हणून कळवलं नव्हतं. बसमधून उतरली ती भरल्या अंगाची, केस कापलेले, अंगात निळं जाकीट. कानिशायनं तिला छातीशी धरून हुंगलं. साबणाचा वास येत होता.

बोर्सोक तळले, शेजारणी आल्या, एनेनं नातीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून "हनुवटी वाढली गं तुझी, खातेस वाटतं" असं म्हणून घेतलं. सगळ्या गेल्यावर बेगायिम त्या तपकिरी शिरडकावर पाय पसरून बसली.

"आपा, एक सांगू? चिडशील."

"नाही चिडणार."

"याच्या जोडीचा माझ्याकडे नाहीये."

कानिशाय चहा ओतत होती. ती ओतत राहिली.

"जातानाच... रेल्वेत सगळे हसत होते. वर ठेवायला जागा नाही, खाली पाय येतात, ज्याला त्याला लोकरीचा वास येतो. एका ठिकाणी गाडी खूप वेळ थांबली. नावसुद्धा नाही माहीत स्टेशनचं. पाऊस पडत होता. मी चहाला म्हणून उतरले आणि तिथल्या बाकावर ठेवून आले. फोनवर तू विचारायचीस, मला लाज वाटायची."

"बाकावर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"आठव नीट."

"आपा, कोणीच नव्हतं. अख्ख्या फलाटावर चिटपाखरू नव्हतं. रूळ, पाऊस आणि कोळशाचा ढीग. म्हणून तर ठेवता आला." बेगायिमनं आईचा हात धरला. "अगं, वाडगा भरून वाहतोय!"

चहा शिरडकावर सांडला. तो पुसायला कानिशाय वाकली आणि तिला वाटलं, आपण आता ओरडणार. ती ओरडली नाही. इतके दिवस आपण कुणाला पांघरूण घातलं, एवढाच विचार तिच्या डोक्यात गरगरत होता. कुणाला म्हणालो, ये.

६

कानिशाय कुठे स्वस्थ बसेना. पाण्याला गेली की अर्ध्यातून परत यायची. दाराला नवी कडी लावून घेतली. रस्ता दिसेल अशा जागी बसून शिवायची, आणि टाके इतके वेडेवाकडे पडायचे की जूराकान एजेनं एक आसन उसवून तिच्या मांडीवर टाकलं.

"हे काय आहे? मेंढीनं शिवलंय का? पोर आलीये घरी, आनंदात राहा की!"

"एजे, आपण एखाद्याला चुकून बोलावलं, तर ते परत घेता येतं?"

"लग्नाचं म्हणतेस? तंबू दुसरीकडे ठोकायचा," जूराकान खो-खो हसली. मग तिनं कानिशायचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं. "झोप झाली नाही तुझी. उद्या बुरणूस लाटायचाय, पोरीला घेऊन ये. अंग दमलं की डोकं शांत होतं."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. शेडच्या अंगणात बायकांनी पाणी ओतलं, चटई गुंडाळली, दोर बांधला. कानिशाय आणि बेगायिम इतरांबरोबर गुंडाळी पुढे-मागे लाथाडत होत्या, वाफ येत होती, कुणीतरी गाणं धरलं होतं. खरंच बरं वाटत होतं. जूराकान उशिरा आली, हात-तोंड धुतलं आणि सहज म्हणाली,

"तू इथं आहेस होय? मला वाटलं घरी असशील. तुमच्याकडे पाहुणी आलीये ना."

कानिशायचा पाय गुंडाळीवर तसाच राहिला.

"कोण पाहुणी?"

"मला काय ठाऊक? तुमच्या गल्लीत वळली. खांद्यावर शिरडक, लाल. मी म्हटलं, कोण गं, कुठून? तर वळलीसुद्धा नाही. माझ्या बाजूला गुंडाळीच होती, तोंड दिसलं नाही." जूराकाननं झग्याला हात पुसले. "पण बिचारी चिंब भिजली होती. एवढ्या उन्हात. कालव्यात पडली की काय कोण जाणे."

घरी दिल्दे एने एकटी होती.

७

मायलेकी धावत घरी पोचल्या तेव्हा फाटक उघडं होतं. अंगणातल्या धुळीत ओली पावलं होती, ती दारापर्यंत गेली होती. नवी कडी आतून काढलेली. एनेनंच काढली असणार. दाराशी आलेल्याला बाहेर उभं ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

आतून बोलण्याचा आवाज येत होता. एकटीचा. एने काहीतरी विचारायची, थांबायची, "हो का? अरेरे," म्हणायची. मग चहा ओतल्याचा आवाज.

कानिशायनं मुलीला मागच्या मागे ढकललं. "जूराकानकडे जा."

"आपा, कोण आहे?"

"जा म्हणते ना!"

बेगायिमची पावलं लांब गेली. कानिशाय बैठकीच्या दारापाशी आली. दार बोटभर उघडं होतं. तेवढ्यातून तिला मानाची जागा दिसली. तपकिरी शिरडकाला काठ भिडवून लाल शिरडक अंथरला होता, नीट, एकही सुरकुती न ठेवता. दोघांची शिंगं एकमेकांत मिळाली होती. त्या जोडावर एक काळपट कपड्याचा घोळ होता, त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं, आणि घोळाखालून एक टाच बाहेर आली होती. टाच पांढरीफटक होती, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली.

तिनं डोळे मिटून घेतले.

"कोण, कानिशाय का?" एनेची हाक आली. "ये की आत. किती लांबून आलीये ही. म्हणते, तूच बोलावलंस."

पळता आलं असतं. फाटक उघडंच होतं. पण आत आंधळी म्हातारी होती, आणि बोलावलं तर होतंच. कानिशाय नव्या नवरीसारखी मान खाली घालून आत गेली. सून म्हणून या घरात आली तेव्हा तिला शिकवलं होतं, मोठ्या माणसांच्या तोंडाकडे न बघता चहा द्यायचा. ते आज उपयोगी पडलं. नजर स्वतःच्या हातांवर ठेवून तिनं वाडगा भरला, दोन्ही हातांनी पुढे धरला.

वाडगा घेतला गेला. घेताना बोटं बोटांना लागली. गार असतील असं तिला वाटलं होतं. ती गरम होती, खूप रडून झोपलेल्या मुलाची असतात तशी.

जूराकान एजे काठी घेऊन धावत आली तेव्हा खोलीत दोघीच होत्या, सासू आणि सून. आणि चहाचे वाडगे तीन.

८

बेगायिमला तिनं चौथ्या दिवशी परत पाठवलं, सुट्टी उरलेली असताना. दोघींनीही त्यावर वाद घातला नाही.

शिरडक मात्र हलवले नाहीत. एकदा जूराकाननं ते उचलून नेऊन जाळायचं म्हटलं, तर एने कडाडली, "माझ्या पाहुणीला भुईवर बसवणार?" जूराकाननं कानिशायकडे पाहिलं, कानिशायनं नको म्हणून मान हलवली, आणि जूराकान त्यानंतर त्यांच्या घरी चहाला बसली नाही.

बाकी घर नेहमीसारखं चालू होतं. सकाळी एक वाडगा जास्त भरायचा, शिरडकावर ठेवायचा आणि पाठ फिरवून गाईकडे जायचं. परत यावं तर वाडगा रिकामा. एने पीत असेल, कानिशाय स्वतःला सांगायची. म्हातारीला एक चहा पुरत नाही.

बेगायिम फोन करायची. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली आणायची.

"आहे का अजून?"

"एने म्हणते, आहे."

"आणि तू?"

"मी बघत नाही."

"भिजलेली असते?"

"नाही गं. आता वाळलीये."

हिवाळा लागला. पहिला बर्फ पडला त्या सकाळी फोन वाजला तेव्हा कानिशाय वाडगा भरत होती. पलीकडे धोबीखान्याची यंत्रं घरघरत होती.

"काल एने सांगत होती," कानिशाय म्हणाली, "ती तुझी चौकशी करते. तू कधी येणार म्हणून."

पलीकडे एका यंत्राचं झाकण जोरात बंद झालं.

"सांग तिला, सुट्टी नाही मला."

"एनेनं सांगितलं तसं."

"मग?"

वाडगा ठेवायला कानिशाय बैठकीत आली आणि थांबली. मानाच्या जागी एकटा तपकिरी शिरडक होता. लाल शिरडक दाराशी उभा होता, घट्ट गुंडाळलेला, दोर बांधलेला, खांद्यावर घ्यायला तयार. एनेच्या हातांत आता तेवढा जोर नव्हता. ती चुलीपाशी घोरत होती.

"आपा? काय म्हणाली ती?"

"काही नाही," कानिशाय म्हणाली. "तू काम कर."

तिनं वाडगा भुईवर ठेवला. ती लाल गुंडाळी आडवी पाडली आणि दाराला पाठ लावून, वाट अडवून तिच्यावर बसली, अंगातला सगळा भार टाकून, दोन्ही पाय भुईत रोवून. बाहेर बर्फ पडत होता. चूल विझत आली होती, गाय हंबरत होती, ती उठली नाही. तिच्या खाली बुरणूस हळूहळू गरम होत चालला होता.